बहिरीची सुटका

साहेब, तुम्ही खोटं बोललात. घाईत नाही, चुकूनही नाही. कॅमेऱ्यासमोर टोपी नीट करून बोललात. "बहिरीची सुखरूप सुटका झाली असून ती आता आपल्या घरी आहे," हे तुमचं वाक्य. यातला एकेक शब्द वेगळा काढून बघितला तर खरा निघतो, आणि सगळे मिळून थाप होते. असं वाक्य बनवायला मोठी खुर्ची लागते. तेव्हा काय घडलं ते आता खुर्चीच्या खालून ऐका.

चौथ्या मजल्यावरचं ते घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सून शाळेचे गणवेश शिवते, मागच्या खोलीत आत्या बसते. आत्या म्हणजे सुनेच्या नवऱ्याची आत्या. आईबाप लवकर गेले म्हणून भाच्याला तिनेच वाढवलं, त्याच्यासाठी बाटल्यांच्या कारखान्यात उभी राहिली आणि तिथल्या खणखणाटात दोन्ही कान ठेवून आली. कारखान्याने सांगितलं, कान वयाने गेले. तेव्हा तिचे केससुद्धा काळे होते. पुढे भाच्याने कानाचं यंत्र आणून दिलं. तिने ते एक दिवस लावलं आणि काढून डब्यात ठेवलं. "हे लावलं की परत कारखान्यात गेल्यासारखं होतं," म्हणाली.

इमारतीत तिला आत्या कोणी म्हणत नाही. बहिरी म्हणतात. "बहिरीच्या मजल्यावर पाणी आलं का," "बहिरीचा भाचा ड्युटीवर गेला का," असं जिन्यात तिच्यादेखत चालतं. तिला ऐकू येत नाही, पण ओठ वाचता येतात, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. तिच्या मात्र सगळं ध्यानात राहतं.

घरात फार बोलावं लागत नाही. सुनेचं पायमशीन चालू झालं की फरशी थरथरते, आणि आत्या चपला काढून तळवे फरशीला टेकवून बसते. मशीन चालू आहे तोवर घर ठीक आहे. थांबलं, तर कोणीतरी आलंय, काहीतरी उतू गेलंय किंवा दोरा तुटलाय. मग आत्या उठून बघायला येते. "का थांबलीस?" हा तिचा दिवसभराचा प्रश्न. सून त्याला विटलेली. पाणी प्यायला उठावं तरी चौकशी.

आणखी एक गोष्ट. आत्याच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे, म्हणून तिला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. डॉक्टरने सुनेला बजावून ठेवलं होतं, "नुसतं बोट कापलं तरी इकडे यायचं. हिचं रक्त वाहायला लागलं की थांबायचं विसरतं." त्यामुळे त्या घरात भाजी सूनच चिरते, बटणं सूनच लावते, आणि कात्र्या उंच खिळ्याला टांगलेल्या असतात. सुया, सुऱ्या, कात्र्या, सगळ्यांचा बंदोबस्त झाला होता. आभाळातून काही येईल हे कोणाच्या डोक्यात असणार?

त्या दिवशी सकाळी भाचा बसवर गेला होता. तो कंडक्टर आहे. सून कॉलर जोडत होती. गॅलरीचं दार उघडं होतं. आधी एक कबुतर आत घुसलं, सुनेच्या कानाला वारा लावून मागच्या खोलीत गेलं. ती मान वर करते तोवर त्याच्या मागून आणखी काहीतरी आलं, कापड टराटरा फाडावं तसा आवाज करत. मागे काहीतरी धाडकन आदळलं. मग काही नाही. सुनेचा पाय जागच्या जागी थांबला होता.

उघड्या दारातून तिला सगळं दिसलं. आत्या नेहमीसारखी पलीकडच्या कोपऱ्यात, खिडकीकडे तोंड करून, शिवून झालेल्या शर्टांच्या घड्या घालत होती. तिच्या पाठीमागे, दाराला लागून असलेल्या कपाटावर, एक पक्षी उभा होता. पाय पिवळे, गालांवर काळ्या मिशा, एका पंजाखाली कबुतर. एक पंख लोंबत होता. तो सुनेकडे बघत होता, आणि त्या डोळ्यांत तिच्याविषयी चांगलं किंवा वाईट काहीच मत नव्हतं.

तेवढ्यात सुनेचं लक्ष आत्याच्या पायाकडे गेलं. तळवा फरशीवर चाचपडत होता. मशीन थांबल्याचं तिला कळलं होतं. तिने घडी बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकला. आता ती उठणार, वळणार आणि कारखान्यातल्या आवाजात "का थांबलीस" विचारणार.

सुनेने पाय दाबला. मशीन सुरू झालं. आत्याने गुडघ्यावरचा हात काढला आणि पुढचा शर्ट घेतला.

कॉलर संपली, दोरा संपला. सून रिकामी सुई चालवत राहिली. समोरच्या घराचं दार उघडं होतं.

"मास्तर," तिने हाक मारली. "जरा इकडे या. पण हळू या."

मास्तर म्हणजे समोरचे निवृत्त शिक्षक. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, आता इमारतीला शिकवतात. ते कपबशी हातात घेऊनच आले, आत डोकावले आणि खूश झाले.

"घार शिरली का हो?" सुनेने विचारलं.

"घार?" मास्तरांना शिवी दिल्यासारखं लागलं. "घार अशी असते का? मिशा बघा, छाती बघा. ही बहिरी."

"ते मला माहितीये. पक्षी कुठला ते विचारतेय."

"पक्षीच सांगतोय. बहिरी."

"अहो, पक्षी पण?"

"बहिरी ससाणा. जातीचं नाव आहे ते. ऐकू तिला तुमच्या माझ्यापेक्षा चांगलं येतं."

"मग बहिरी का म्हणतात?"

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. अशा प्रश्नांवर वर्गातसुद्धा ते खडू शोधायचे.

"आत्याबाईंना बाहेर आणू का?" सून म्हणाली. पाय चालूच होते.

"दारातून पाऊल टाकलं की ती उडणार. पंख दुखावलाय. बंद खोलीत ती बसणार कुठे? जे समोर येईल त्यावर. आणि आत्याबाईंचं रक्त तर..."

"बोलू नका ते. मी काय करू?"

"आता काय करताय?"

"मशीन चालवतेय."

"तेच करा."

साहेब, त्या घराला त्या दिवशी मिळालेला हा एकच शहाणपणाचा सल्ला. बाकीचे सगळे तुमच्याकडून आले.

मास्तरांनी तुमच्या मदत कक्षाला फोन लावला आणि सुनेला ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"मदत कक्ष. काय झालंय?" पलीकडे एक मुलगी होती.

"खोलीत बहिरी अडकली आहे," मास्तर म्हणाले.

"वय काय त्यांचं?"

"प्रौढ मादी आहे."

"मादी काय म्हणता काका? बाईमाणसाबद्दल नीट बोला."

"अहो, पक्षी आहे तो."

"पक्षी बहिरा आहे हे तुम्हाला कसं कळलं? हाका मारून बघितल्या?"

सून मशीनवरूनच म्हणाली, "ताई, आत माणूस पण आहे. आमची आत्या. तिला ऐकू येत नाही."

"म्हणजे बहिरी माणूस आहे की पक्षी?"

"दोन्ही."

"एका तक्रारीत एकच घेता येतं. काय टाकू?"

"माणूस टाका," सून म्हणाली.

"पक्षी टाका," मास्तर म्हणाले. "जाळीवाले तेच येतील."

पलीकडे जरा वेळ टकटक ऐकू आली. "मी नुसतं 'बहिरी' टाकते. येतील ते बघून घेतील."

बघून घेतील. तुमचं सगळं खातं या दोन शब्दांवर उभं आहे, साहेब.

मग वाट बघणं. आत पक्ष्याने कबुतर सोलायला घेतलं. पिसं उडायला लागली. एक पांढरं पीस तरंगत तरंगत आत्याच्या हातातल्या शर्टावर उतरलं. तिने ते चिमटीत धरलं, उजेडात बघितलं.

"उशी फाटली वाटतं," ती मोठ्याने म्हणाली.

पक्ष्याने खाणं थांबवलं आणि तिच्या मानेकडे बघितलं. मास्तरांनी कपबशी वाजू नये म्हणून हळूच फरशीवर ठेवली. आत्याने पीस खिडकीच्या गजांतून बाहेर फुंकलं आणि पुन्हा घडी घालायला लागली. पक्षी पुन्हा खायला लागला.

सुनेच्या पोटरीत गोळे आले. "मास्तर, जरा बसता का? नुसते पाय हलवायचेत."

"मला येत नाही हो."

"विज्ञान शिकवलंत ना? या."

मास्तर बसले. त्यांचे पाय दोन वेगळ्या माणसांचे असावेत तसे चालले. आत आत्याचे हात थांबले. तिने मान वळवली नाही, नुसता तळवा घट्ट दाबला.

"मशीनवर कोणाला बसवलंस?" ती खिडकीकडे बघतच ओरडली. "पाय तुझा नाही."

सुनेने मास्तरांना ढकलून बाजूला केलं आणि स्वतः बसली. आत्या निवळली. मास्तर भिंतीला टेकून घाम पुसत राहिले. आयुष्यभर ते मुलांना नापास करत आले. त्यांना कोणी तळव्याने नापास केल्याची ही पहिलीच वेळ.

तुमचं पथक आलं. खाली त्यांनी विचारलं, "बहिरी कुठे आहे?" आणि साऱ्या इमारतीने एका आवाजात सांगितलं, "चौथा मजला." पथकात पुढे एक गॉगलवाला, त्याच्यामागे जाड हातमोजे घातलेले दोघे, जाळी, भोकं पाडलेली पेटी आणि व्हिडिओ काढणारा एक. गॉगलवाल्याने आत एक नजर टाकली.

"आधी ते मशीन बंद करा. पक्ष्याला त्रास होतोय."

"साहेब, मशीन बंद केलं की आत्या उठेल," सून म्हणाली.

"कोण आत्या?"

"ती काय, कोपऱ्यात."

"मग हाक मारून सांगा, हलू नका म्हणून."

"ती बहिरी आहे हो."

"बहिरीला उत्तम ऐकू येतं, बाई. कान फार तिखट असतात तिचे. म्हणूनच सांगतोय, मशीन बंद करा."

"अहो, ती बहिरी नव्हे, ही बहिरी," मास्तर मध्ये पडले.

"तुम्ही कोण? या विषयातले आहात?"

"मी जीवशास्त्राचा..."

"मग बाहेर थांबा."

सुनेने पाय काढला नाही. "तिला रक्ताची गोळी चालू आहे. ओरखडा उठला तरी जिवावर बेतेल. तुम्ही आधी मधे चादर धरा, तिला आडोशाने बाहेर काढा, मग मी बंद करते. तुमच्या पाया पडते."

"माणसं काढायचं आमच्याकडे नाही," गॉगलवाला म्हणाला, आणि त्याने मोजेवाल्याला नुसती मान हलवून दाखवली. मोजेवाला वाकला आणि त्याने मशीनच्या चाकावरचा पट्टा ओढून काढला.

सुनेचे पाय तरीही चालत होते. खाली चाक फिरत होतं, वर मशीन मुकं झालं होतं. फरशी थंड पडली.

आत्याने घडी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकला. उठली, वळली.

"का थांबली..."

जाळी पडली ती कपाटावर. पक्षी तोवर सुटला होता. तो छताला धडकला, खिडकीच्या गजांना धडकला आणि खाली येता येता आत्याच्या हातावर आला. चेहरा झाकायला तिने हात वर घेतला होता. नखं कोपराच्या खाली आत गेली, आणि बसायला जागा मिळाली म्हणून पक्ष्याने ती आणखी आवळली.

आत्या किंचाळली नाही. तिने पक्ष्याकडे बघितलं, पक्ष्याने तिच्याकडे. पाण्याच्या रांगेत दोन बायांनी एकमेकींना जोखावं तसं ते बघणं होतं. मग तिच्या बाहीतून लाल थेंब शर्टांच्या गठ्ठ्यावर पडायला लागले.

"हात हलवू नका," गॉगलवाला म्हणाला. "नख मोडेल."

"कोणाचं?" सुनेने विचारलं.

"पक्ष्याचं. नख मोडलं तर शिकार कशी करणार ती पुढे?"

मोजेवाल्यांनी एकेक नख सोडवलं. काय मायेने सोडवलं, साहेब. "हळू गं, हळू, झालं झालं," असं दोघं पुटपुटत होते. सुनेला क्षणभर वाटलं ते आत्याला म्हणताहेत. व्हिडिओवाला म्हणाला, "आजी, जरा डावीकडे व्हा, रक्त येतंय फ्रेममध्ये." आत्याने ते ओठांवरून वाचलं आणि त्याला असं काही ऐकवलं की तुमच्या व्हिडिओत त्या जागी संगीत घातलेलं आहे.

पक्षी पेटीत गेला. पेटीवर ओलं फडकं टाकलं, गार राहावं म्हणून. सून आत धावणार तेवढ्यात गॉगलवाल्याने हात आडवा घातला.

"मेलेलं कबुतर आहे आत. रोग असू शकतो. खोली सील करावी लागेल."

"आत माणूस आहे."

"म्हणजे संपर्क आलाय. मग तर सील पाहिजेच."

"रक्त वाहतंय तिचं."

"आरोग्याचं पथक येईल. माणसं ते बघतात, आम्ही पंखवाले बघतो." त्यांनी दार ओढून घेतलं, त्यावर पिवळी पट्टी आडवी-तिडवी चिकटवली आणि बहिरीला घेऊन जिना उतरले. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते आरोग्याचं पथक, साहेब, अजून यायचंय.

सुनेने पुन्हा फोन लावला.

"ती तक्रार बंद झालीये, मॅडम. बहिरीची सुटका झाली."

"अहो, आत आहे ती अजून."

"सुटका झालीये. फोटोसुद्धा आहे माझ्यासमोर. छान आलाय."

दाराच्या खालून एक बारीक लाल रेघ बाहेर आली आणि फरशीच्या सांध्यातून चालायला लागली. पट्टीवर छापलं होतं, तोडणाऱ्यास शिक्षा होईल. सुनेने स्टूल घेतलं, खिळ्यावरची मोठी कात्री काढली आणि पट्टी कापली.

आत्या पलंगावर बसली होती. तिने गणवेशाचे शर्ट एकावर एक हाताला गुंडाळले होते आणि वरून दाबून धरले होते. सगळ्यात वरच्या शर्टाचा पांढरा रंग जवळजवळ संपला होता. ओठही पांढरे पडले होते.

"किती वेळ लावलास," ती म्हणाली. "हे डाग निघायचे नाहीत बघ. गणवेश गेले."

सून आणि मास्तर तिला टॅक्सीत घालून मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले. मास्तरांनी सगळ्या रस्ताभर तिचा हात वर धरून ठेवला होता आणि एकदाही काही शिकवलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी दाबलं, इंजेक्शनं दिली, बाटल्या लावल्या. रक्ताला शेवटी थांबायचं आठवलं. आत्या वाचली. हे श्रेय ज्यांचं आहे त्यांना टाळ्या मिळाल्या नाहीत, तेव्हा इथे नोंदवून ठेवतो.

मग एका डॉक्टरने विचारलं, "हे झालं कशाने?" सुनेने सांगितलं. कबुतराचंही सांगितलं. खोटं बोलायचं तिला तेव्हा सुचलं नाही. ती तुमच्या खात्यात नाही ना. ताबडतोब आत्याला संसर्गाच्या वॉर्डात, काचेच्या खोलीत न्यायचं ठरलं. खिडकीवरच्या कारकुनाने मदत कक्षाचा तक्रार नंबर मागितला. संसर्गाची केस त्या नंबरानेच दाखल होते म्हणे. नंबर टाकल्यावर त्याच्यासमोर सगळं तयार होऊन आलं.

"बहिरी. प्रौढ, मादी. बरोबर?" तो म्हणाला. "वजन नऊशे ग्रॅम?"

"आत्याबाई वाळल्यात," सून म्हणाली, "पण इतक्या नाही."

"वजन मागून दुरुस्त करू," असं म्हणून त्याने बटण दाबलं.

वॉर्डाच्या वाटेवर भिंतीला टीव्ही होता. आवाज बंद, खाली अक्षरं धावत होती. आत्याची गाडी नेमकी तिथे थांबली. अक्षरं अशी: बहिरी सुखरूप, प्रकृती स्थिर, तज्ज्ञांच्या पथकाच्या देखरेखीखाली. आत्याने ती दोनदा वाचली आणि ती पहिल्यांदाच जरा हसली.

"बघ," ती सुनेला म्हणाली. "इमारतीत नावं ठेवतात, पण टीव्हीवाल्यांनी विचारलं की नाही?"

सुनेने तिचं पांघरूण नीट केलं. काही बोलली असती तर ओठांवरून कळलं असतं, म्हणून तिने तोंड फिरवलं.

काचेच्या खोलीत नातेवाइकांना मनाई. बोलण्यासाठी काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन लावलेला. आत्यासाठी फोन. आत जाणारे सगळे तोंडाला मास्क लावून जायचे, म्हणजे तिच्यासाठी ओठ मिटलेले. नर्स भाच्याला म्हणाली, "तुमच्या पेशंट काही विचारलं तर उत्तरच देत नाहीत. घमेंडी आहेत का?"

"तुम्ही तोंड झाकून विचारता, तिला ऐकू येत नाही," भाचा म्हणाला.

"मग मोठ्याने विचारते," नर्स म्हणाली.

तपासण्या झाल्या. रोग नव्हता. कबुतर रोगाने नाही, बहिरीने मेलं होतं. हे शोधायला तुमची प्रयोगशाळा लागली. जखम भरत आली. आता रोज विचारलं की एकच उत्तर, "वरून निरोप आला की सोडू." आणि वरून खरोखरच निरोप आला. फोनवर मदत कक्षातली तीच मुलगी होती.

"अभिनंदन मॅडम. तुमची बहिरी ठणठणीत झालीये. उद्या सकाळी घरी आणून सोडतो. साहेब स्वतः येणार आहेत. गॅलरी तेवढी मोकळी ठेवा."

"गॅलरी कशाला?"

"कॅमेरे असतात ना."

सुनेने नवऱ्याला सांगितलं. तो लहान मुलासारखा रडला. सकाळी त्याने रजा टाकली. सुनेने मागची खोली धुतली, पलंगावर नवी चादर घातली, कपाट दारापासून दूर सरकवलं, मशीनला पट्टा चढवला, तेल दिलं. आत्या दारातून आली की तिच्या तळव्यांना पहिल्यांदा मशीन कळावं, असं तिच्या मनात होतं. मास्तरांनी दाढी केली होती. खाली गाडीचा हॉर्न वाजला, जिन्यात कोणीतरी ओरडलं, "बहिरी आली," आणि सून अनवाणीच चार मजले उतरून गेली.

गाडीचं मागचं दार उघडलं. आत भोकं पाडलेली पेटी होती. पेटीवर ओलं फडकं.

तुम्हाला आठवत असेल, साहेब. तुम्ही तिच्या शेजारून जिना चढून वर गेलात. पकडलेला पक्षी पकडला तिथेच सोडायचा, असा तुमचा नियम आहे. उत्तम नियम आहे. माणसांना का नाही एवढंच कळत नाही. तुम्ही गॅलरीत उभं राहून पेटीचं झाकण उघडलंत, बहिरी उडाली, समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसली आणि तुम्ही ते वाक्य बोललात. तेव्हा भाचा तुमच्याजवळ आला होता.

"साहेब, आणि आमची?"

"तुमची काय?"

"बहिरी."

"आत्ता सोडली ना तुमच्यासमोर," तुम्ही म्हणालात, त्याच्या खांद्यावर थाप मारलीत आणि निघालात.

सून तशीच रुग्णालयात गेली. खिडकीवर तोच कारकून होता.

"या नंबरावरची केस संपली. बहिरीला आज सकाळी सोडलं."

"अहो, ती काय, काचेमागे दिसतेय."

"ती कोण?"

"बहिरी."

"तिला सोडलंय, ताई. सोडलेल्या पेशंटला परत सोडता येत नाही. आधी दाखल असावं लागतं."

"मग दाखल करा."

"खोली रिकामी नाही. आत कोणीतरी आहे."

सून काचेपाशी गेली. आत्या पाठमोरी बसली होती, खिडकीकडे तोंड करून. गुडघ्यावर रुग्णालयाची चादर होती आणि ती तिच्या घड्या घालत होती, मोडत होती, परत घालत होती. काच जाड. हाक मारून उपयोग नव्हता, तसा तो कधीच नव्हता. सुनेला एकदम काहीतरी सुचलं. ती अजून अनवाणीच होती. तिने टाचा फरशीवर आपटायला सुरुवात केली. मशीनच्या चालीत. शिपाई धावत आला, "ताई, काय चाललंय," म्हणाला. ती थांबली नाही.

फरशी काचेच्या अलीकडे आणि पलीकडे एकच होती. आत्याचे हात थांबले. तिने पलंगावरून पाय खाली सोडले, तळवा टेकवला. पाय कोणाचा ते ओळखायला तिला वेळ लागला नाही. ती वळली. शिपायाने सुनेचा दंड धरला आणि टाचा थांबल्या. मग काचेपलीकडे आत्याचे ओठ हलले. सुनेने आयुष्यात कधी ओठ वाचले नव्हते. हे तिला वाचता आले.

"का थांबलीस?"

सुनेला याचं उत्तर देता आलं नाही. ते तिच्याकडे नाहीच. पट्टा ओढणारे तुम्ही, दार सील करणारे तुम्ही, आत नेणारे तुम्ही, आणि सोडल्याचं जाहीर करणारेही तुम्हीच. तेव्हा तिचा प्रश्न आता तुमच्याकडे. एक बहिरी समोरच्या टाकीवर बसून रोज एक कबुतर खाते. तिची काळजी मिटली. दुसरी काचेमागे चादरीच्या घड्या घालतेय. तिला कधी सोडता?

उत्तर द्या, साहेब. कागदावर नको. त्या काचेसमोर उभे राहा, तोंडावरचा मास्क काढा आणि सावकाश बोला. तिला ओठ वाचता येतात.